माळा नसलेल्या घरात घंगाळ कुठे ठेवायचं?

वाचकांचं पत्र

ताई, नमस्कार. आमची गिरगावातली चाळ पुनर्विकासात गेली. साडेपाच वर्षं भाड्याच्या घरात काढल्यावर गेल्या महिन्यात नव्या घराची चावी मिळाली. घर पूर्वीच्या दोन खोल्यांपेक्षा मोठं आहे, उजेड भरपूर आहे, पण माळा नाही. सासूबाईंचं (वय ८४) सामान कायम माळ्यावर असायचं: तांब्याचं घंगाळ, पितळेचे सात डबे, दोन पातेली, सावंतवाडीचा रंगवलेला पाट आणि त्यांच्या आईच्या लुगड्यांची गोधडी. भाड्याच्या घरात ते सगळं खोक्यांतच राहिलं. यजमान म्हणतात, भांडी मोडीत देऊन मोकळे होऊ. सूनबाई मनाने चांगली आहे. तिला नवं घर हाताने घडवलेल्या वस्तूंनी सजवायचंय, आणि तेही कारागिराला रास्त मोबदला देणाऱ्या, लहान पोरांना कामाला न लावणाऱ्यांकडूनच घ्यायचंय. तिने इंटरनेटवर बघून ठेवलंय: साडेसात हजारांची गोधडी, ठोक्यांची नक्षी असलेला तांब्याचा जग, वारली चित्रांचे उशांचे अभ्रे आणि एक गालिचा. गोधडीची किंमत ऐकून सासूबाई एवढंच म्हणाल्या, "गोधडी विकत घेतात?" तेव्हापासून त्या गप्प आहेत. मला दोघींचंही पटतं. आणि 'एथिकल' असं लिहिलेल्या वस्तूचे पैसे खरंच कारागिराच्या हातात पडतात का, हे ओळखायचं कसं?

एक वाचक, गिरगाव

उत्तर

नमस्कार ताई,

भांडी अजून मोडीत गेली नसतील तर कृपा करून थांबवा. निदान हे उत्तर यजमानांना वाचून दाखवेपर्यंत तरी.

आम्ही परळची खोली सोडली तेव्हा माझ्या आजीचा पाणी तापवायचा तांब्याचा बंब असाच मोडीत दिला. मोडवाला गोणी घेऊन आला. बंब गोणीत मावेना, म्हणून त्याने तो गॅलरीत आडवा पाडला आणि घणाने चेपायला सुरुवात केली. पहिल्या ठोक्याला तोटी निखळून घरंगळत जिन्यापर्यंत गेली. चार-पाच ठोक्यांत बंबाचा पत्रा झाला. आई आत निघून गेली आणि तो माणूस जाईपर्यंत बाहेर आली नाही. काट्यावर तांब्याचा भाव मिळाला. ज्याने तो घडवला होता त्याची घडणावळ शून्य धरली गेली. ती तोटी मी उचलून ठेवली, अजून माझ्या कपाटात आहे. बाकी काही उरलं नाही.

घडणावळ हा शब्द आपण सोनाराकडे गेलो की वापरतो. तुमच्या घरात आज चाललंय ते सगळं मला या एकाच शब्दाभोवती दिसतं. सूनबाईला कुठल्यातरी गावातल्या, न पाहिलेल्या माणसाला त्याची घडणावळ पोचवायची आहे. त्याच वेळी साठ-सत्तर वर्षांपूर्वी कुणीतरी रोख मोजलेली घडणावळ घरच्या खोक्यांत पडून आहे आणि ती वजनावर विकायचं चाललंय. म्हणजे सूनबाई आणि सासूबाई एकाच बाजूच्या आहेत. त्यांना ते अजून कळलेलं नाही, कारण एकीने तोंड उघडलेलं नाही आणि दुसरीने खोकं उघडलेलं नाही.

तेव्हा आधी खोकी उघडा. रविवारी, सूनबाई घरी असताना, जमिनीवर चादर पसरून.

पितळेचे डबे सोपे आहेत. कोरड्या जिन्नसांना ते आजही उत्तम, तांदूळ, डाळी, रवा काहीही भरा. मीठ, चिंच, लोणचं मात्र त्यात नको. पातेल्यांना कल्हई लागेल. कल्हईशिवाय पितळेच्या पातेल्यात ताक किंवा आमटी ठेवली की ती कळकते, हे सासूबाई झोपेतही सांगतील. भुलेश्वर-तांबाकाट्याच्या बाजूला भांड्यांच्या दुकानांत विचारा, कल्हई करून देणारे अजून सापडतात. कल्हई शुद्ध कथलाचीच करायची आणि त्यात शिसं मिसळलेलं नको, असं आधी बजावून सांगा, कारण शिसं विषारी असतं. आणि शक्य असेल तर सूनबाईला सोबत न्या. भांडं विस्तवावर चांगलं तापलं की कल्हईवाला त्यात नवसागराची पूड टाकतो, पांढरा धूर उसळतो, नाकात झिणझिण्या येतात. मग कथलाची कांडी नुसती टेकवायची. ती विरघळते, आणि कापसाच्या बोळ्याचा एक फेर मारला की काळपट पातेल्याच्या पोटातून चांदीसारखा पांढरा रंग पसरत जातो. लगेच पाण्यात बुडवलं की चर्र आवाज. ज्या मुलीला कारागिराची काळजी आहे, तिने त्या विस्तवासमोर बसलेल्या माणसाचे हात एकदा जवळून बघावेत. त्याने मागितले तेवढे पैसे घासाघीस न करता द्या. मला विचाराल तर या वर्षातली तुमच्या घरातली सगळ्यात नेक खरेदी हीच असेल.

घरी आणल्यावर एवढंच सांभाळा: पातेलं रिकामं असताना गॅसवर ठेवू नका आणि तारेच्या घासणीने घासू नका. कथील २३२ अंशांना वितळतं, रिकामं पातेलं तिथवर चटकन पोचतं.

घंगाळाला कल्हईची गरज नाही, ते अंघोळीच्या पाण्याचं. आता गरम पाणी नळाला येतं, मग त्याचं करायचं काय, असा प्रश्न तुमच्या यजमानांना पडला असणार. तुमच्याकडे गणपती येत असेल आणि मूर्ती शाडूची असेल तर विसर्जन त्या घंगाळात करा. ते ज्या कामासाठी घडवलं, म्हणजे पाणी धरण्यासाठी, ते काम त्याला वर्षातून एकदा तरी मिळेल. एरवी दाराशी पाणी आणि दोन फुलं. मात्र थेट माती भरून कुंडी करू नका, तांबं हिरवं पडून खराब होतं.

आता सूनबाईच्या यादीतला जग. घंगाळाच्या पोटावरून हात फिरवा. बारीक, चपटे ठोके हाताला लागतील. त्याला मठारकाम म्हणतात. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत ते आजही चालतं. तांबटांची मंडळी पेशवाईच्या काळात कोकणातून पुण्यात येऊन वसली, असं सांगितलं जातं. हे ठोके शोभेसाठी मारलेले नसतात. तांब्याचा पत्रा तापवला की मऊ पडतो, तेव्हा त्याला आकार देता येतो, पण तेवढ्यावर भांडं टिकत नाही. ते शेवटी ठोकून ठोकून कडक करावं लागतं. भांड्याची ताकद त्या ठोक्यांत असते. हल्ली साच्यात दाबून तेच ठसे उठवलेली भांडी 'हँडमेड' म्हणून विकतात. मी स्वतः असा एक जग घेतला होता, एका नावाजलेल्या दुकानातून, कारागिराचा फोटो असलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात. घरी आईच्या तांब्याशेजारी ठेवला तेव्हा लक्षात आलं की त्याचा प्रत्येक ठसा अगदी सारखा आहे, आणि वर चकाकीचा थर दिलेला आहे. महिन्याभरात तो थर पापुद्र्यासारखा सुटायला लागला. हाताने मठारलेल्या भांड्यावर ठोक्यांच्या ओळी गोल फिरत जातात, पण दोन ठोके हुबेहूब एकसारखे नसतात, एखादी ओळ किंचित सरकलेली असते. तुमच्याकडे घंगाळ आहे, म्हणजे ताडून बघायला नमुना घरातच आहे.

गोधडीवर मला जास्त बोलायचं आहे, कारण सासूबाई तिथेच गप्प झाल्या.

"गोधडी विकत घेतात?" या वाक्यात सूनबाईला कदाचित टोमणा ऐकू आला असेल. मला तसं वाटत नाही. त्यांच्या पिढीत गोधडी शिवायची ती बाळंतपणासाठी, सासरी जाणाऱ्या लेकीसाठी, म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यांसाठी. अंगावर वापरून मऊ झालेली लुगडी एकावर एक पसरायची, चार कोपऱ्यांवर काहीतरी जड ठेवायचं, आणि धावदोरा घालत कडेकडेने आत यायचं. दुपारी शेजारणी येऊन बसायच्या, त्यांचेही टाके त्यात असायचे. ज्या वस्तूची किंमत कधी कुणी मोजलीच नाही, तिची किंमत साडेसात हजार ऐकल्यावर बाईला काय वाटलं असेल? माझा अंदाज असा की त्यांना पहिल्यांदाच आपल्या आईच्या कामाचा हिशेब ऐकू आला. त्यांना हे विचारून बघा. आणि विचारायचं सूनबाईने.

आता तोच हिशेब आपणही करू, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. बारीक टाक्याची मोठी गोधडी एका बाईचे, घरकाम सांभाळून, पंधरा-वीस दिवस सहज खाते. वीस धरू. साडेसात हजारांतले दीड हजार तिला मिळाले, तर दिवसाला ७५ रुपये पडले. पाच हजार मिळाले, तर २५० रुपये. वस्तू तीच, किंमत तीच, पुठ्ठ्यावरचा फोटोही तोच. आपण कुणाला पोसतोय ते या मधल्या आकड्यावर ठरतं. म्हणून विकणाऱ्याला थेट विचारायचं: ही वस्तू कोणत्या गावात झाली, करायला किती दिवस लागले, आणि करणारीला किती मिळाले? पैसे कधी मिळाले हेही विचारा. आपण शहरातले लोक हे विचारत नाही, आणि खरी मेख तिथे आहे. बऱ्याच ठिकाणी माल ठेवून घेतात आणि विकला गेला तरच पैसे देतात. म्हणजे दुकान भांडवल वापरतं ते त्या गोधडीवालीचं. जो विक्रेता आगाऊ रक्कम देतो, किंवा वस्तू हातात आल्यावर लगेच पैसे चुकते करतो, तो ते अभिमानाने सांगेल. जो 'आमचे कारागीर आमचं कुटुंब आहे' एवढंच सांगत राहील, त्याला पुन्हा आकडा विचारा. आकडा आला नाही तर घेऊ नका.

सूनबाईला एक गोष्ट माझ्याकडून सांगा. ऑनलाइन मागवलेली हातकामाची वस्तू फोटोपेक्षा रंगाने किंचित वेगळी निघाली म्हणून परत पाठवू नये. परत आलेल्या मालाचा खर्च बहुतेक वेळा खाली सरकत सरकत करणाऱ्याच्याच पदरात पडतो.

शिक्के आणि लेबलांबद्दल थोडक्यात सांगते, कारण लोक त्यांना अपेक्षेपेक्षा जास्त मानतात. भौगोलिक मानांकन, ज्याला सगळे जीआय म्हणतात, त्याचा कायदा १९९९चा, अंमल सप्टेंबर २००३ पासून. पैठणीला ते आहे, वारली चित्रकलेला आहे, सोलापुरी चादरीलाही आहे. पण जीआय सांगतो तो वस्तूचा गाव. सोलापूरची चादर यंत्रमागावर निघते, तिला जीआय आहे म्हणून ती हातमागाची ठरत नाही. हातमागासाठी २००६ पासून 'हँडलूम मार्क' आहे, कापड हाताने विणलंय एवढी खात्री तो देतो. विणकराला मजुरी काय मिळाली, हे या दोन्हींत कुठेच लिहिलेलं नसतं. गालिच्याचं मात्र वेगळं आहे. तिथे बालमजुरीचा प्रश्न इतका वाईट होता की कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकारातून १९९४ मध्ये 'रगमार्क' हे चिन्ह सुरू झालं. आता त्याचं नाव 'गुडवीव्ह'. गालिच्याच्या पाठीवर क्रमांक असलेलं लेबल असतं, ते बघून घ्या. लेबल नसेल तर गालिचा राहू दे, सतरंजी घ्या.

पोरांच्या कामाबाबत कायदा काय म्हणतो तेही माहीत असावं. १९८६च्या बालमजुरी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि १४ वर्षांखालच्या मुलांना कुठल्याही धंद्यात कामाला ठेवणं बंद झालं. पण शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या कामाला किंवा धंद्याला हातभार लावण्याची सवलत ठेवली गेली. हस्तकला तर बहुतेक घरातच चालते. म्हणून 'आमच्याकडे बालमजूर नाहीत' हे उत्तर पुरेसं नाही. कारागिराच्या घरची मुलं शाळेत जातात का, असं विचारावं. नेहमी त्या गावात जाणारा विक्रेता याचं उत्तर चटकन देतो.

वारलीचे अभ्रे घेऊ नका. इथे मी ठाम आहे. वारली चित्रं ही लग्नघरात काढायची गोष्ट. शेणा-गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी चौक लिहितात, आत पालघाट देवी बसते, त्याशिवाय लग्न लागत नाही. डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती कला कागदावर आणली, जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज कारखान्यात छापलेल्या 'वारली प्रिंट'वर तारपा हे वाद्य धरलेला माणूस हजारो उशांवर नाचतो, आणि डहाणू, तलासरीच्या पाड्यांवर त्यातला एक रुपया पोचत नाही. चित्र हवं असेल तर वारली चित्रकाराने स्वतः काढलेलं एक घ्या, छोटं का असेना. पालघर जिल्हा आपल्या दारात आहे, लोकलने जाता येतं.

तसंच मातीच्या वस्तूंचं. माहीमला उतरून धारावीच्या कुंभारवाड्यात जा. सौराष्ट्रातून आलेली कुंभार कुटुंबं तिथे पिढ्यान्‌पिढ्या आव्यातून मडकी काढतात. वस्तू ज्याच्या हातची, त्याच्याच हातात पैसे. बाकी कुठे बघायचं असेल तर मुंबईत दरवर्षी 'महालक्ष्मी सरस' प्रदर्शन भरतं, तिथे बचत गटांच्या बायका स्वतः बसलेल्या असतात. त्यांना किती दिवस लागले ते विचारा, त्या खुशीने सांगतात, उलट कुणी विचारतच नाही अशी त्यांची तक्रार असते.

सगळंच ठेवा असं मी म्हणत नाही. सात डब्यांना ओट्यावर जागा नसेल तर चार ठेवा. उरलेले नणंद, पुतण्या, भाची, ज्यांच्याकडे रोज वापरले जातील त्यांना द्या. वापरात नसलेलं भांडं जपणं कठीण असतं, ते काळं पडतं आणि मग पुढची पिढी मोडवाल्याला फोन करते. सावंतवाडीचा पाट भिंतीवर टांगायचा मोह होईल, पण त्यावर बसा. पुढच्या भाऊबीजेला भावाला त्यावरच बसवून ओवाळा. पाण्याने भिजवू नका, कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर लाखेचा रंग उडतो.

आणि साडेसात हजारांची गोधडी? तुमच्या घरच्या गोधडीची अवस्था आधी बघा. विरली असेल तर टाकू नका, धुवायच्या यंत्रात तर अजिबात नको. विरलेल्या गोधडीवर नवं लुगडं चढवून पुन्हा धावदोरा घालायची आपल्याकडे रीतच आहे, आतलं जुनं कापड तसंच राहतं. सूनबाईची एखादी वापरून मऊ झालेली सुती साडी किंवा ओढणी तिच्यावर चढवा. सासूबाईंच्या डोळ्यांना आता सुई ओवणं जमणार नाही, पण टाका केवढा हवा आणि कोपरा कसा वळवायचा हे त्या बसल्या जागेवरून सांगतील. शिवणारी बाई लावलीत तर दिवसाच्या हिशेबाने पैसे द्या. एवढं करूनही सूनबाईला दुसरी गोधडी विकत घ्यावीशी वाटली, आणि विक्रेत्याने आकडा नीट सांगितला, तर जरूर घ्या. ती बाईही कुणाचीतरी आई असेल, आणि तिच्या टाक्यांना कुणीतरी पैसे मोजतंय हे चांगलंच आहे.

एक सांगायचं राहिलं. घंगाळाच्या काठाखाली बोट फिरवून बघा. त्या काळी लग्नातल्या भांड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नाव घालून देत: कुणी, कुणाला, कुठल्या साली. घासून घासून अक्षरं पुसट झाली असतील. त्यावर चिमूटभर पांढरी रांगोळी चोळा आणि वरची पुसून टाका, ठिपक्यांत रांगोळी बसते आणि नाव वाचता येतं. हे सूनबाईला करू द्या, सासूबाईंच्या शेजारी बसून. काय लिहिलंय ते मला जरूर कळवा.